बदलत्या आकाराच्या समष्टीत जनुकांची वंशावळ कशी मांडावी: दोन प्रतींपासून पूर्ण प्रतिमानापर्यंत

एखाद्या समष्टीतील, म्हणजे आपसांत प्रजनन करणाऱ्या जीवांच्या समूहातील, आजच्या दहा-वीस व्यक्तींचे डीएनए नमुने हाताशी असतील, तर ती समष्टी पूर्वी केवढी होती, कधी आटली आणि कधी फोफावली, हे त्यांवरून बऱ्याच अंशी काढता येते. त्यासाठी लागणारे गणित पुस्तकांत अवघड वेशात भेटते. त्याचा गाभा मात्र एका वाक्यात बसतो: समष्टीची संख्या बदलल्याने वंशावळीचे नियम बदलत नाहीत, फक्त त्या वंशावळीचे घड्याळ कधी हळू तर कधी भरभर चालते. हे घड्याळ कसे तयार करावे, त्यावर आकडेमोड कशी करावी आणि ते कुठे फसवते, एवढाच या लेखाचा विषय आहे. वाचकाला प्राथमिक संभाव्यता आणि लॉगॅरिदम येत असावेत. कागद आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवून पुढचे आकडे स्वतः करून पाहावेत, कारण नुसते वाचून हा विषय हाताला लागत नाही.

पहिली पायरी: काय मोजायचे ते ठरवणे

सुरुवातीलाच दोन वेगळ्या वंशावळींची फारकत करावी लागते. एका व्यक्तीचे पूर्वज दर पिढीला दुप्पट होतात: दोन पालक, चार आजी-आजोबा, आणि असेच मागे जात राहिल्यास २० पिढ्यांपूर्वी १०,४८,५७६ पूर्वजांच्या जागा होतात. ही कौटुंबिक वंशावळ झाली. जोसेफ चँग यांनी १९९९ साली दाखवले, की यादृच्छिक जोड्या जमणाऱ्या समष्टीत सर्वांचा सामाईक कौटुंबिक पूर्वज संख्येच्या द्विमान लॉगॅरिदमइतक्या पिढ्यांमागेच सापडतो. म्हणजे दहा लाखांच्या समष्टीत जेमतेम २० पिढ्या.

जनुकाची गोष्ट निराळी आहे. जीनोमवरील एका ठराविक जागेची तुमच्याकडे असलेली एक प्रत एकाच पालकाकडून आलेली असते, आणि त्या पालकाकडेही ती त्याच्या दोन पालकांपैकी एकाकडूनच आलेली असते. त्यामुळे जनुकप्रतीच्या मागे पूर्वजांचा फुगता पंखा नसून एकच सरळ रेषा असते. तिला आपण वंशरेषा म्हणू. दोन वंशरेषा मागे जाता जाता एका प्रतीत मिळतात, याला मीलन म्हणू. या मीलनाला लागणारा काळ लॉगॅरिदमच्या मापाचा नसून थेट संख्येच्या मापाचा असतो. 'सर्वांचा सामाईक पूर्वज अमुक वर्षांपूर्वी होता' अशी विधाने वाचताना कौटुंबिक पूर्वज की जनुकीय, हे आधी विचारावे. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

यापुढे 'प' हे अक्षर समष्टीतील जनुकप्रतींच्या संख्येसाठी वापरले आहे. माणसासारख्या द्विगुणित जीवांत प्रत्येक व्यक्तीकडे दोन प्रती असतात, म्हणून १०,००० व्यक्तींसाठी प = २०,०००. सुरुवातीच्या काळात मी स्वतः प्रतींऐवजी व्यक्ती मोजून सगळे काळ निम्मे काढले होते आणि ती चूक दोन आठवडे लक्षात आली नव्हती. म्हणून प्रत्येक कागदाच्या डोक्यावर 'प म्हणजे प्रती' असे लिहून ठेवण्याची सवय चांगली.

दुसरी पायरी: स्थिर समष्टी आणि दोन प्रती

पायाभूत प्रतिमान राइट-फिशर यांचे आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९३० साली आणि सूअल राइट यांनी १९३१ साली मांडलेल्या या चित्रात पिढ्या एकमेकींत मिसळत नाहीत, निवडीचा दाब नसतो, आणि नव्या पिढीतील प्रत्येक प्रत आपली पालकप्रत जुन्या पिढीतून चिठ्ठी उचलावी तशी निवडते. दोन प्रतींनी एकच चिठ्ठी उचलण्याची संभाव्यता १ ÷ प आहे. त पिढ्यांपर्यंत त्या न भेटण्याची संभाव्यता (१ − १ ÷ प) चा त वा घात, आणि प मोठा असताना हीच संख्या ई चा (−त ÷ प) वा घात इतकी होते. येथे ई म्हणजे २.७१८ हा नैसर्गिक लॉगॅरिदमचा पाया. भेटीचा सरासरी काळ प पिढ्या येतो. त्याचे प्रमाण विचलनही प पिढ्याच असते, म्हणजे सरासरीइतकाच गोंधळ त्यात मुळातच भरलेला आहे. हे पुढे महागात पडणार आहे.

दोनाऐवजी क वंशरेषा असतील तर त्यांच्या जोड्या क × (क − १) ÷ २ इतक्या, आणि पुढचे मीलन तितक्या पटीने लवकर येते. दहा रेषांच्या ४५ जोड्या होतात, म्हणून पहिले मीलन सरासरी प ÷ ४५ पिढ्यांत होते. शेवटच्या दोन रेषांना मात्र पूर्ण प पिढ्या लागतात. जॉन किंगमन यांनी १९८२ साली या प्रक्रियेला काटेकोर रूप दिले आणि तेव्हापासून ती किंगमनचा कोअॅलेसन्ट या नावाने ओळखली जाते. सर्व रेषा एकात मिळेपर्यंतच्या वंशावळीला झाड म्हणतात. दहा प्रतींच्या संपूर्ण झाडाची सरासरी उंची १.८ × प येते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग शेवटच्या दोन रेषा एकमेकींची वाट पाहण्यात घालवतात. झाडाचा शेंडा दाट आणि बुंधा लांबलचक असतो.

तिसरी पायरी: घड्याळ बांधणे

आता संख्या बदलू द्यावी. आजपासून मागे मोजल्यास प्रत्येक पिढीची प वेगळी आहे. त्या पिढीत दोन रेषा भेटण्याची संभाव्यता १ भागिले त्या पिढीची प, एवढाच काय तो बदल. म्हणून एक काल्पनिक घड्याळ घ्यावे, जे प्रत्येक पिढी मागे जाताना १ ÷ प इतके पुढे सरकते. आजपासून त पिढ्यांपर्यंत या सरकण्याची जी बेरीज होईल तिला घ म्हणू. संख्या सलग बदलत असेल तर हीच बेरीज संकलनाचे, म्हणजे इंटिग्रलचे रूप घेते. त पिढ्यांपर्यंत दोन रेषा न भेटण्याची संभाव्यता ई चा (−घ) वा घात.

क रेषांसाठीही हेच घड्याळ चालते. त्यावर मोजल्यास समष्टी नेहमीच प = १ असल्यासारखी वागते, आणि क रेषा असताना पुढच्या मीलनापर्यंतची सरासरी प्रतीक्षा २ ÷ (क × (क − १)) इतकी असते. रॉबर्ट ग्रिफिथ्स आणि सायमन टवारे यांच्या १९९४ सालच्या कामात बदलत्या संख्येचा कोअॅलेसन्ट याच कालांतराच्या युक्तीने पद्धतशीर मांडला गेला. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत फलदायी युक्ती आहे, कारण झाड कसे जुळते हा प्रश्न आणि ते कधी जुळते हा प्रश्न तिने एकमेकांपासून सोडवून टाकले. कोणती रेषा कोणाशी मिळते हे संख्येच्या इतिहासावर अवलंबून नसते. त्या मिळण्याच्या वेळा तेवढ्या अवलंबून असतात.

घड्याळ उलट्या संख्येवर चालते याचा अर्थ नीट मुरवून घ्यावा. संख्या मोठी असते तेव्हा काटा जवळजवळ थांबलेला असतो, लहान असते तेव्हा तो धावतो. दहा पिढ्यांपैकी नऊ पिढ्यांत १०,००० आणि एका पिढीत १०० प्रती असतील, तर साधी सरासरी ९,०१० येते. पण घड्याळाच्या दृष्टीने बेरीज ९ ÷ १०,००० + १ ÷ १०० = ०.०१०९, आणि १० ÷ ०.०१०९ म्हणजे सुमारे ९१७. हा हरात्मक मध्य झाला. चढउतार जलद आणि वारंवार होत असतील तर हाच आकडा स्थिर समष्टीच्या सूत्रांत प म्हणून घालता येतो. बदल मंद असतील, म्हणजे मीलनाला लागणाऱ्या काळाइतकेच लांबत असतील, तर कोणताही एक आकडा पुरत नाही आणि पूर्ण घड्याळच बाळगावे लागते.

बॉटलनेक, म्हणजे संख्या फार आटलेला काळ, किती लहान होता याइतकेच तो किती काळ टिकला हेही महत्त्वाचे, हेसुद्धा यातूनच निघते. २० व्यक्ती म्हणजे ४० प्रती. अशी एकच पिढी गेली तर घड्याळ ०.०२५ ने सरकते आणि विविधतेचे (दोन प्रती एकमेकींहून वेगळ्या असण्याच्या संभाव्यतेचे) साधारण अडीच टक्केच नुकसान होते. निम्मी विविधता घालवायला अशा सुमारे २८ पिढ्या लागतात. उत्तरी एलिफंट सील हा प्राणी एकोणिसाव्या शतकात शिकारीमुळे मूठभर उरला होता, आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रथिनांच्या २४ जनुकस्थानांवर एकही फरक आढळला नाही. एका पिढीच्या घसरणीने असे होत नाही. या प्राण्यात थोडेच नर प्रजोत्पादन करतात, ही गोष्ट येथे हिशोबात घ्यावी लागते. समजा २० पैकी २ नर आणि १८ माद्या प्रजननात आहेत; प्रभावी संख्या, म्हणजे घड्याळ त्याच वेगाने चालवणाऱ्या आदर्श समष्टीची संख्या, ४ × नर × माद्या ÷ एकूण या सूत्राने ४ × २ × १८ ÷ २० = ७.२ व्यक्ती येते. प्रती १४.४, आणि घड्याळ दर पिढीला ०.०६९ ने पळते, म्हणजे डोकी मोजून काढलेल्या वेगाच्या पावणेतीन पट. घड्याळात घालायची प ही नेहमी अशी प्रभावी संख्या असते, शिरगणतीची नव्हे.

चौथी पायरी: एक इतिहास हाताने सोडवणे

समजा आजपासून मागच्या ५०० पिढ्यांत प = १,००,०००; त्याआधीच्या २०० पिढ्यांत प = १,०००; आणि त्याहून मागे कायम प = २०,०००. असा तुकड्यातुकड्यांनी स्थिर इतिहास घेणे हा व्यवहारातला उत्तम मार्ग आहे, कारण कोणताही गुळगुळीत इतिहास पुरेशा तुकड्यांनी जवळपास गाठता येतो आणि प्रत्येक तुकड्यात फक्त भागाकार उरतो.

पहिल्या कालखंडात घड्याळ ५०० ÷ १,००,००० = ०.००५ सरकते. बॉटलनेकमध्ये २०० ÷ १,००० = ०.२. म्हणजे ७०० पिढ्यांअखेर घ = ०.२०५. दोन रेषा पहिला कालखंड न भेटता पार करण्याची संभाव्यता ०.९९५०, आणि बॉटलनेकही पार करण्याची ०.८१४६. या दोहोंतला फरक ०.१८०४, म्हणजे १८ टक्के जोड्या त्या २०० पिढ्यांत मिळतात, तर त्याच्या अडीच पट लांब असलेल्या अलीकडच्या काळात अर्धा टक्काच. उरलेल्या ८१ टक्के जोड्या प्राचीन काळात जातात.

सरासरी मीलनकाळ काढण्यासाठी प्रत्येक कालखंडात 'अजून न भेटण्याची' संभाव्यता पिढ्यांवर बेरजेने पसरवावी. पहिल्या खंडाचा वाटा १,००,००० × (१ − ०.९९५०१) = ४९९ पिढ्या; दुसऱ्याचा १,००० × ०.९९५०१ × (१ − ०.८१८७३) = १८०; तिसऱ्याचा २०,००० × ०.८१४६५ = १६,२९३. एकूण सुमारे १६,९७२ पिढ्या. आजची संख्या कायम तीच असती तर हा आकडा १,००,००० आला असता. आजच्या प्रचंड संख्येची जनुकांना जवळपास दखलच नाही, आणि यात आश्चर्य नाही. त्या काळात काटा हललाच कुठे?

आता नमुना वाढवून पाहावा. क रेषांची संख्या घड्याळाप्रमाणे कशी घटते याचे एक सुबक सरासरी सूत्र आहे: (१ − १ ÷ क) ही राशी ई चा (−घ ÷ २) वा घात या गुणकाने कमी होत जाते. दहा रेषा घेतल्या तर ०.९ × ०.९०२६ = ०.८१२३, यावरून क सुमारे ५.३. म्हणजे दहांपैकी पाचेक रेषा बॉटलनेकच्या पलीकडे पोहोचतात. हजार रेषा घेतल्या तर ०.९९९ × ०.९०२६ = ०.९०१७, आणि क येतो सुमारे १०.२. नमुना शंभर पट केला आणि पलीकडे पोहोचणाऱ्या रेषा फक्त दुप्पट झाल्या. नमुना कितीही वाढवला तरी हा आकडा १०.३ च्या पुढे जात नाही. प्राचीन काळाबद्दल जाणून घ्यायचे असेल तर जास्त व्यक्तींपेक्षा जीनोमवरच्या जास्त जागा मोलाच्या. जास्त व्यक्ती लागतात त्या अलीकडच्या काळासाठी. प्रयोगाचा खर्च ठरवण्याआधी हे एक पानाचे गणित करून घ्यावे.

येथे एक सावधानता. एका पिढीत एकाहून अधिक मीलने होत नाहीत असे किंगमनचे चित्र गृहीत धरते. क चा वर्ग प च्या तोडीचा झाला की हे गृहीतक ढिले पडते. वरच्या उदाहरणात हजार रेषांच्या बाबतीत तसेच होते. अंतिम आकड्यात फार फरक पडत नाही, पण झाडाच्या शेंड्याकडचे बारीक तपशील हवे असतील तर अलीकडच्या काही पिढ्या थेट राइट-फिशर पद्धतीने चालवाव्यात.

पाचवी पायरी: घातांकी वाढ, दोन्ही दिशांनी

समजा समष्टी दर पिढीला ग या दराने वाढत आजच्या प पर्यंत आली. मागे जाताना संख्या घातांकी वेगाने घटते आणि घड्याळ घ = (ई चा (ग × त) वा घात − १) ÷ (ग × प) होते. उलट सोडवल्यास त = लॉग(१ + ग × प × घ) ÷ ग. येथे आणि पुढे लॉग म्हणजे ई पायाचा लॉगॅरिदम. आज प = १०,००,००० आणि ग = ०.०१ असल्यास ग × प = १०,०००. घड्याळात ०.१ वाजले म्हणजे ६९१ पिढ्या, १ वाजला म्हणजे ९२१, २ वाजले म्हणजे ९९०. घड्याळावरची वीसपट दरी पिढ्यांत मोजताना दीडपटीहूनही कमी भरली. म्हणजे सर्व मीलने एका अरुंद पट्ट्यात दाटतात आणि झाड चांदणीसारखे होते: मधे गाठ आणि बाहेर लांब, सुटे किरण. माँटगोमेरी स्लॅटकिन आणि रिचर्ड हडसन यांनी १९९१ साली जलद वाढलेल्या समष्टींसाठी नेमका हा आकार दाखवून दिला होता.

या सूत्राला तसेच मागे पळू देऊ नये. वरच्या आकड्यांत १,३८२ पिढ्यांपूर्वी समष्टीत एकच प्रत उरते, जे हास्यास्पद आहे. म्हणून वाढीच्या सुरुवातीआधी एक स्थिर तुकडा जोडावा.

उलट दिशेची चूक अधिक छुपी असते. समष्टी घटत आली असेल, तर मागे जाताना संख्या घातांकी वेगाने वाढते, आणि घड्याळाची अनंत काळापर्यंतची बेरीजही १ ÷ (ग × प) एवढीच भरते. आज प = १,००० आणि घट ०.०१ असल्यास ही बेरीज ०.१. याचा अर्थ ९० टक्के जोड्या कधीच भेटत नाहीत, आणि सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर केलेली या प्रक्रियेची नक्कल, एकतर अडकते किंवा निरर्थक आकडे देते. दोष संगणकाचा नसतो. इतिहास मागच्या टोकाला उघडा सोडलेला असतो. सर्वांत जुना तुकडा नेहमी स्थिर संख्येचा ठेवावा.

सहावी पायरी: झाड उभे करणे

सिम्युलेशनची कृती चार ओळींची आहे. क रेषांपासून सुरुवात करून ० ते १ मधील एक यादृच्छिक संख्या उचलावी, तिचा ऋण लॉगॅरिदम घ्यावा, त्याला जोड्यांच्या संख्येने भागावे आणि येणारी रक्कम घड्याळात मिळवावी. मग घड्याळावरून पिढी काढावी, यादृच्छिकपणे दोन रेषा निवडून जोडाव्यात, आणि एक रेषा उरेपर्यंत हेच करावे. चौथ्या पायरीतला इतिहास आणि दोन रेषा घेऊन एकदा हाताने करू. यादृच्छिक संख्या ०.८५ आली, तिचा ऋण लॉगॅरिदम ०.१६२५. त्यातले ०.००५ पहिल्या कालखंडात संपले, उरले ०.१५७५, आणि बॉटलनेकमध्ये त्याच्या १५७.५ पिढ्या होतात. मीलन ६५७ पिढ्यांच्या थोडे पलीकडे. दुसऱ्या खेपेस ०.३० आली, ऋण लॉगॅरिदम १.२०४, त्यातून ०.२०५ वजा जाता ०.९९९ उरले, त्याच्या प्राचीन काळात १९,९७९ पिढ्या, अधिक ७०० धरून २०,६७९. एकाच इतिहासातील दोन जागांची उत्तरे तीसपटीहून अधिक दूर आहेत. त्यात काही बिघडलेले नाही. एका जागेचे झाड इतकेच बोलते.

मोठ्या कामासाठी हे हाताने करण्याची गरज नाही. जेरोम केलेहर, ॲलिसन एथरिज आणि गिल मॅकव्हीन यांनी २०१६ साली मांडलेले एमएसप्राइम हे मुक्त सॉफ्टवेअर पुनर्संयोजनासह (पालकाच्या दोन प्रतींच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन जीनोमच्या वेगवेगळ्या जागांची झाडे वेगळी होतात, त्यासह) लांब जीनोमची झाडे वेगाने तयार करते. त्यात मोठा इतिहास घालण्याआधी दोन रेषांचा सरासरी काळ चौथ्या पायरीप्रमाणे कागदावर काढून पडताळावा. प्रती आणि व्यक्ती यांची अदलाबदल तिथेच पकडली जाते.

सातवी पायरी: झाडावर उत्परिवर्तने शिंपडणे

झाड कोणाला दिसत नाही. दिसतात ती उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएची नक्कल होताना झालेले बदल. प्रत्येक फांदीवर ती लांबीच्या प्रमाणात यादृच्छिकपणे पडतात असे धरतात. माणसात उत्परिवर्तनाचा दर प्रत्येक पिढीत प्रत्येक बेसमागे (डीएनएच्या एका अक्षरामागे) साधारण १ कोटीत ०.१२ आहे. आपल्या इतिहासातील दोन प्रतींमध्ये सरासरी २ × १६,९७२ पिढ्यांचे अंतर आहे, म्हणजे दर १०,००० बेसमागे सुमारे ४ फरक अपेक्षित.

हेच गणित उलटे फिरवले तर माणसाचा प्रसिद्ध आकडा मिळतो. दोन मानवी जीनोम साधारण दर हजार बेसमागे एका ठिकाणी वेगळे असतात. त्याला दुप्पट दराने भागल्यास प सुमारे ४१,७००, म्हणजे जवळपास २१,००० व्यक्ती. आज पृथ्वीवर ८०० कोटींहून अधिक माणसे असताना हा आकडा विचित्र वाटतो, पण घड्याळ समजलेल्याला वाटू नये. जुन्या लेखांत १०,००० हा आकडा दिसतो, तो मुख्यत्वे उत्परिवर्तनाचा दर पूर्वी दुप्पट धरला जात असे म्हणून.

सरासरी फरकापेक्षा अधिक माहिती वारंवारतेच्या आलेखात असते: नमुन्यात एकाच प्रतीत दिसणारी उत्परिवर्तने किती, दोन प्रतींत दिसणारी किती, वगैरे. स्थिर समष्टीत ही प्रमाणे १, १/२, १/३ अशी उतरतात. दहा प्रतींच्या नमुन्यात एकेरी उत्परिवर्तने सुमारे ३५ टक्के असतात. चांदणीच्या आकाराच्या झाडात जवळपास सगळीच एकेरी, कारण किरण सुटे असतात. फुमिओ ताजिमा यांनी १९८९ साली दिलेला डी हा निर्देशांक याच विषमतेला एका अंकात पकडतो: वाढ झालेली असल्यास ऋण, आणि अलीकडे संख्या घटलेली असल्यास धन.

आठवी पायरी: डेटाकडून इतिहासाकडे

सर्वांत सोपी उलट वाट २००० साली ऑलिव्हर पायबस, अँड्र्यू रॅम्बॉ आणि पॉल हार्वी यांनी स्कायलाइन आलेखाच्या रूपाने दाखवली. क रेषा जितका काळ टिकल्या तो काळ गुणिले जोड्यांची संख्या, हा त्या काळातील प चा अंदाज. समजा पाच प्रतींच्या झाडात पाच रेषा ४० पिढ्या टिकल्या, चार ९०, तीन ७०० आणि दोन २,५००. अंदाज अनुक्रमे ४००, ५४०, २,१०० आणि २,५०० येतात. आलेख काढला तर समष्टी सहापटीने आटल्याचे ठळक चित्र दिसते, आणि येथेच हात आखडावा. प्रत्येक अंदाजात सरासरीइतकाच गोंधळ आहे. पहिल्या ४०० या अंदाजाचा ९५ टक्के पल्ला सुमारे १०८ ते १५,८०० इतका रुंद आहे. चारही अंदाज कायम १,३८५ प्रतींच्या स्थिर समष्टीशी सहज जुळतात. स्वतंत्र अशी शंभर झाडे मिळाली तर चूक साधारण दहा टक्क्यांवर येते.

ती शंभर, किंवा हजारो, झाडे पुनर्संयोजन पुरवते. एका व्यक्तीच्या जीनोममध्येही दोन प्रतींचा मीलनकाळ जागोजागी बदलतो. जिथे तो जुना तिथे फरक दाट, जिथे अलीकडचा तिथे विरळ. हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी २०११ साली हीच गोष्ट वापरून पीएसएमसी ही पद्धत तयार केली, आणि एकाच व्यक्तीच्या जीनोममधून समष्टीचा इतिहास काढला. माणसासाठी ती साधारण २० हजार ते ३० लाख वर्षांपूर्वीचा पट्टा दाखवते. त्याहून अलीकडे दोनच प्रतींमध्ये मीलने इतकी थोडी, की आलेखावर विश्वास ठेवू नये. तिथे अनेक व्यक्ती घेणाऱ्या, २०१४ च्या एमएसएमसी किंवा २०१७ च्या एसएमसी प्लस प्लस यांसारख्या पद्धती लागतात. शिवाय पीएसएमसी अचानक झालेले बदल उतरणीसारखे पसरवून दाखवते. आलेखातील हळुवार उतार ही नेहमी हळुवार घट नसते.

नववी पायरी: निष्कर्ष लिहिण्याआधी

आडव्या अक्षावर वर्षे लिहिली असतील तर ती उत्परिवर्तनाचा दर आणि पिढीची लांबी या दोन गृहीतकांवर उभी असतात. दर निम्मा केला की सगळा आलेख उजवीकडे आणि वर दुप्पट ताणला जातो. आकार तोच राहतो. आकाराबद्दल ठामपणे आणि तारखांबद्दल जपून बोलावे.

केवळ वारंवारतेच्या आलेखावरून इतिहास काढत असाल, तर सायमन मायर्स, चार्ल्स फेफरमन आणि निक पॅटरसन यांचा २००८ सालचा निष्कर्ष विसरू नये: संख्येचे वेगवेगळे इतिहास अगदी तोच आलेख देऊ शकतात. ते पर्यायी इतिहास फार वेगाने वरखाली होणारे असतात, म्हणून तुकड्यांची संख्या मर्यादित ठेवली आणि नमुना पुरेसा घेतला की अडचण बरीच सुटते. तुकडे वाढवत नेऊन आलेख अधिकाधिक चांगला बसवण्याचा मोह याच कारणाने आवरावा.

सर्वांत मोठा सापळा उपसमूहांचा आहे. समष्टी अनेक बेटांसारख्या गटांत विभागलेली असेल आणि त्यांत अधूनमधून स्थलांतर होत असेल, तर एकाच गटातल्या दोन रेषा आधी पटकन भेटतात, न भेटल्यास वेगळ्या गटांत पांगून फार काळ दूर राहतात. घड्याळ आधी जलद आणि मग मंद चालल्यासारखे दिसते, आणि एकूण संख्या तसूभरही न बदलता आलेखात मोठी घट उमटते. दोन प्रतींचा डेटा या दोन शक्यता वेगळ्या करूच शकत नाही, कारण मीलनकाळाचे कोणतेही वितरण योग्य प(त), म्हणजे काळानुसार बदलणारी प, निवडून हुबेहूब साधता येते. म्हणून अनेक गटांतून नमुने घ्यावेत, एकाच गटातील आणि दोन गटांमधील मीलनकाळ वेगवेगळे काढावेत, आणि बसवलेल्या प्रतिमानातून पुन्हा खोटा डेटा तयार करून त्याची वारंवारता, ताजिमाचा डी आणि फरकांची जागोजागची दाटी मूळ डेटाशी ताडून पाहावी. सरासरी जुळली पण दाटी जुळली नाही, तर संख्येच्या इतिहासाला हात लावण्याआधी स्थलांतराचा एक आकडा प्रतिमानात घालून पाहावा.